हाजरा परकार आणि दोन जॉन्सन

रियाधच्या अल मलाझमध्ये हाजरा परकारसमोर कुणी कोकणातला माणूस आणून उभा करा आणि गंमत बघा. आधी ती गाव विचारणार, मग मोहल्ला, मग आडनाव, मग आजोळ. चहाला उकळी फुटेपर्यंत तो माणूस तिचा कुणीतरी लागायला लागलेला असतो. मामेसासऱ्याच्या साडूचा पुतण्या, नाहीतर आत्याच्या नणंदेचा दीर. एकदा कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात दह्याचा डबा उचलणारा एक अनोळखी इसम फोनवर बोलत होता. त्याच्या हेलावरून हिने ओळखलं की हा खेडकडचा. दही पिशवीत पडेपर्यंत तो शौकतचा लांबचा मेहुणा निघाला. शौकत म्हणजे हाजराचा नवरा. तो बिचारा बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता, त्याला काचेवर टकटक करून तिने मेहुण्याची ओळख करून दिली. शौकत तेव्हापासून म्हणतो, की हाजराला इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, ऑफिसात बसवली असती तर सौदीत एक खोटा माणूस राहिला नसता.

तो हसतो, पण यात हसण्यासारखं काय आहे हो? कोकणातल्या मुसलमानांची ही रीतच आहे. दोन परकार भेटले आणि नातं निघालं नाही, असं होत नाही. निघालं नाही तर शोधणारा कच्चा, एवढाच त्याचा अर्थ. आणि हाजरा कच्ची नव्हती. राजापूरच्या मराठी शाळेत शिकली, रत्नागिरीला डी.एड. केलं, चांगल्या गुणांनी पास झाली. खडू हातात घेऊन वर्गावर जायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात दाभोळच्या परकारांकडून स्थळ आलं, निकाह झाला आणि मास्तरीण व्हायची ती विमानात बसून रियाधला आली. तिने कधी कुरकुर केली नाही. पण कुणाचं मूल पाटी-पेन्सिल घेऊन बसलेलं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे, हे मात्र खरं.

तिला दोन मुलं. धाकटी अरवा पाच वर्षांची, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. थोरला झैद सात वर्षांचा. तोही तसा बोलका होता, भारतीय शाळेत होता तोवर. मग शौकतच्या कंपनीने त्याला रास अल खैरला पाठवलं. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आहे तिथे, त्याच्या खरेदीचं काम शौकतकडे आलं. तो गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी परत जायचा. त्या बदल्यात कंपनीने मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि दोघं एका अमेरिकन शाळेत दाखल झाली. शौकतला आभाळ ठेंगणं झालं. दाभोळला फोन गेले, मिठाई वाटली गेली.

आणि नव्या शाळेच्या पहिल्याच आठवड्यात झैदने तोंडात मिठाची गुळणी धरली. झालं एवढंच, की बाईंनी विचारलं तू कुठला. आईचाच मुलगा तो, त्याने गावापासून सुरुवात केली. दाभोळ, खाडी, परकार मोहल्ला, आजोबांची होडी. त्याचं इंग्रजी भारतीय शाळेतलं, गतीही तिथलीच. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कुणीतरी फिदीफिदी हसलं. झैद खाली बसला तो बसलाच. वाचायचा नीट, लिहायचा नीट, पण वर्गात हूं की चूं नाही.

डिसेंबरात त्याच्या बाईंनी हाजराला बोलावून घेतलं. मिस रीम मूळच्या अम्मानच्या, अमेरिकेत वाढलेल्या, बोलायला गोड पण नियमाला पक्क्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मुलगा हुशार आहे, पण दुसरीच्या वर्गात तोंडी परीक्षा असते. मार्चपर्यंत तो बोलला नाही तर त्याला परत पहिलीत बसवावं लागेल. आणि मग त्यांनी सल्ला दिला, अगदी आपुलकीने दिला, की घरी मराठी बंद करा आणि मुलांशी फक्त इंग्रजीत बोला.

हाजराला इंग्रजी कळतं, वाचताही येतं. बोलायचं म्हटलं की डोक्यात वाक्य अख्खं तयार असतं, पण ओठापर्यंत येईस्तोवर त्याची दोन चाकं निखळतात. त्यामुळे तिने मान डोलावली, थँक्यू म्हटलं आणि बाहेर आली. टॅक्सीत तिला त्या सल्ल्याचा राग आला. रागाहून जास्त भीती वाटली. घरात मराठी बंद म्हणजे कुणाचं तोंड बंद? झैदचं नव्हे, तिचंच. जी आई आपल्या पोरांना रागवू शकत नाही, गोष्ट सांगू शकत नाही, ती घरात राहिली काय आणि न राहिली काय. तिला रडू आलं आणि तिने ते टॅक्सीवाल्यापासून लपवलंही नाही.

शौकतला सल्ला एकदम पटला. तो वाईट माणूस नाही, पण मुलगा खालच्या वर्गात जाणार या विचाराने त्याची झोप उडाली होती. त्याने पुढच्या गुरुवारपर्यंत शिकवणीला मास्तरही शोधला, हाशम सर नावाचे हैदराबादचे एक गृहस्थ. ते रोज संध्याकाळी येणार आणि घरात सगळ्यांनी इंग्रजीच बोलायचं, खलास. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असं तो तिला समजावत राहिला. ही म्हण मात्र त्याने मराठीतच सांगितली, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

हाजरा ऐकत होती. मग तिने भाकरीचा तवा खाली उतरवला आणि शांतपणे म्हणाली, "फेब्रुवारीत त्यांचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा कार्यक्रम आहे. तोवर मला शिकवू द्या, माझ्या पद्धतीने. त्या दिवशी झैद वर्गासमोर बोलला नाही, तर हाशम सरांना बोलवा. मग मी या घरात मराठीचा म सुद्धा काढणार नाही."

शेवटी शौकत यल्ला, ठीक आहे, म्हणाला आणि जेवायला बसला.

कार्यक्रम असा होता, की प्रत्येक मुलाने एक राष्ट्राध्यक्ष व्हायचं, त्याच्याविषयी बोलायचं आणि वर्गातली मुलं विचारतील त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. कोण कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. वरच्या मजल्यावरच्या मंजिरीची आर्या झैदच्याच वर्गात. तिला निघाला लिंकन. मंजिरी पुण्याची, नवरा यतीन बँकेत. त्या बाईने त्याच संध्याकाळी उंच काळी टोपी मागवूनसुद्धा टाकली. झैदला निघाला अँड्र्यू जॉन्सन. आता हा कोण? हाजराने नाव ऐकलं नव्हतं, शौकतने ऐकलं नव्हतं, मंजिरीनेही ऐकलं नव्हतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पण हाजराने पदर खोचला. डी.एड.ला एक वाक्य त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे ठाऊक आहे तिथून निघा आणि जे ठाऊक नाही तिथे पोचा. झैदला वॉशिंग्टन ठाऊक नव्हता. त्याला दाभोळ ठाऊक होतं. तेव्हा तिने भाकऱ्या थापता थापता दाभोळपासून सुरुवात केली. आपल्या मोहल्ल्याची जमात असते की नाही? जमातीचा अध्यक्ष असतो. लोक त्याला निवडून देतात, मुदत संपली की तो गपचूप खाली उतरतो आणि पुन्हा आपल्या होडीकडे जातो. अमेरिका म्हणजे अशीच जमात, फक्त फार मोठी. त्यांचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन. त्याचे दात पडले होते आणि तो हस्तिदंताची कवळी लावायचा. लोक म्हणाले तूच राहा कायमचा, तर तो नको म्हणाला आणि शेतावर गेला. झैदने विचारलं, की मग आपले अध्यक्ष का उतरत नाहीत, आजोबा तर फोनवर म्हणतात खुर्चीला चिकटलेत. हाजराने त्याला पीठ लागलेल्या हाताने गप्प केलं, पण मनातून तिला बरं वाटलं. पोरगं विचार करत होतं.

दुपारी मुलं शाळेत असताना ती फोनवर वाचायची. संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगायची, आणि सगळं मराठीत. नुसती नावं नव्हे, कोण कुणाचा ते. तेच तर तिचं मूळ शास्त्र. दोन ॲडम्स निघाले, ते बापलेक. दोन हॅरिसन निघाले, ते आजोबा आणि नातू. थोरले हॅरिसन महिनाभरात अल्लाला प्यारे झाले, तेव्हा नातवाने घराण्याची हौस भागवली. दोन बुश, पुन्हा बापलेक. दोन रूझवेल्ट, लांबचे भाऊ, आणि त्यातल्या धाकट्याने थोरल्याच्या पुतणीशी लग्न केलेलं. हे वाचून हाजरा एकटीच हसली. अगदी आपल्याकडच्यासारखं, पोरगी घराबाहेर जाऊ दिली नाही. लिंकनच्या मुलांनी बकऱ्या पाळल्या होत्या आणि त्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात धुडगूस घालायच्या. विल्सनने लढाईच्या दिवसांत हिरवळ चरायला मेंढ्या आणून सोडल्या. त्या दिवसापासून अरवा राष्ट्राध्यक्ष व्हायला तयार होईना, तिला मेंढीच व्हायचं होतं. ती गालिच्यावर रांगत चरायची आणि झैद तिला कुठल्या राष्ट्राध्यक्षाच्या हिरवळीवर चरायचं ते सांगायचा. तोही आधी मराठीत आणि मग, कुणी न सांगता, इंग्रजीत. हाजरा शेगडीकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून तो लाजून थांबायला नको.

पण अँड्र्यू जॉन्सन काही सरळ माणूस निघेना. सुरुवात छान होती. गरिबाचं पोर, बाप लवकर वारलेला, शिंप्याकडे कामाला ठेवलेलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्न झाल्यावर बायकोने त्याला लिहायला आणि हिशेब करायला शिकवलं. हे हाजराने दोनदा वाचलं आणि त्या अनोळखी बाईविषयी तिला फार माया वाटली. मग पुढचं आलं. लिंकनला मारलं आणि हा त्याच्या जागी बसला. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना हक्क मिळायची वेळ आली, तेव्हा हाच आडवा आला. शेवटी लोकांनी त्याला हाकलायलाच काढलं होतं, एका मताने वाचला.

हाजराचं तोंड उतरलं. असला माणूस नेमका माझ्याच लेकराच्या वाट्याला? लपवावं असं क्षणभर वाटलं. पण मुलांशी खोटं बोलायचं नाही, हेही ती डी.एड.लाच शिकली होती. तिने सांगितलं. झैद ऐकत राहिला आणि मग म्हणाला, की मी वाईट माणूस होणार नाही. तो ताटावरून उठला आणि त्या संध्याकाळी पुन्हा बोलला नाही. इतक्या मेहनतीने रुळावर आणलेली गाडी हा शिंपी आता खाली ढकलणार, असं हाजराला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा वाचायला बसली आणि तिला दुसरा जॉन्सन सापडला. लिंडन जॉन्सन. पहिल्याच्या शंभर वर्षांनी जन्मलेला. हाही दक्षिणेकडचाच. याच्याही आधीच्या अध्यक्षाला मारलं आणि हाही तसाच त्या खुर्चीवर बसला. आणि बसल्यावर याने काय केलं, तर काळ्या लोकांना हक्क देणारा कायदाच करून टाकला. हाजराने फोन मांडीवर ठेवला. शंभर वर्षं म्हणजे किती पिढ्या, तिने बोटांवर मोजलं. पणतू. दुसरं कोण असणार? पणजोबांनी जे बिघडवलं ते पणतवाने निस्तरलं. घराण्याला लागलेला डाग घराण्यातल्याच पोराने धुऊन काढला.

चार जोड्या जुळल्या होत्या, पाचवी का नाही जुळणार? तिने पडताळून पाहिलं नाही. दाभोळच्या कुठल्याही माणसाने पाहिलं नसतं. मंजिरी खाली चहाला आली तेव्हा हाजराने तिला मोठ्या उत्साहाने सगळं ऐकवलं. मंजिरीने जरा दबकतच विचारलं, की हे कुठे लिहिलेलं आहे का. हाजरा म्हणाली, आडनाव एक, मुलूख एक, नशीब एक, यापुढे आणखी काय लिहायचं राहतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला? मंजिरीने बिस्कीट चहात बुडवलं आणि विषय सोडला.

आणि झैद! पणतवाची गोष्ट ऐकली मात्र, पोरगं फुललं. त्याला तो शिंपी एकदम आवडायला लागला. आता त्याला वाईट माणूस व्हायचं नव्हतं, एका घराण्याची गोष्ट सांगायची होती. तो अंघोळीत बोलायचा, जिन्यात बोलायचा, गुरुवारी शौकत दारातून आत येताच त्याच्याशी बोलायचा. मराठीत ऐकलेलं इंग्रजीत स्वतःच जुळवायचा. कुठे अडला तर हाजराकडे बघायचा, ती त्याला मराठीत पुढचं सांगायची आणि गाडी पुन्हा चालू. शौकत म्हणाला, की घरात बोलतोय हे ठीक, वर्गात बोलला तर मानू. बरोबरच होतं त्याचं.

कार्यक्रमाच्या दिवशी शौकतला रजा मिळाली नाही. हाजरा अबायाला इस्त्री करून एकटीच गेली. वर्गाच्या एका भिंतीवर सौदीच्या स्थापना दिवसाची हिरवी सजावट अर्धी लागली होती, दुसऱ्या भिंतीवर अमेरिकेचे झेंडे. मुलांच्या डोक्यावर कापसाचे टोप होते. झैदच्या गळ्यात शिंप्याची टेप. ती टेप हाजराने बत्थ्याच्या बाजारात जाऊन मुद्दाम आणली होती. आईबाप मागे खुर्च्यांवर बसले. मंजिरी हाजराशेजारी बसली, तिची आर्या उंच टोपी सावरत आपल्या पाळीची वाट बघत होती.

झैदचं नाव पुकारलं गेलं. तो पुढे आला, टेपची टोकं दोन्ही हातांत धरली आणि थांबला. मिस रीमसुद्धा हातातलं काम सोडून बघायला लागल्या. आणि मग झैद बोलला. सुरुवातीला बारीक आवाजात, मग नीट. मी अँड्र्यू जॉन्सन, मी शिंपी होतो, मी शाळेत गेलो नाही, माझ्या बायकोने मला लिहायला शिकवलं. मी नंतर वाईट गोष्टी केल्या, त्या कोणत्या तेही त्याने सांगितलं. मिस रीमच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य होतं, की हाजराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग झैद एक पाऊल पुढे आला, कारण आता गोष्टीतला सगळ्यात भारी भाग होता. आणि त्याने जाहीर केलं, की पण माझा पणतू लिंडन जॉन्सन मोठा झाला आणि त्याने माझी चूक दुरुस्त केली.

मिस रीमनी अगदी मऊ आवाजात त्याला थांबवलं. गोष्ट सुंदर आहे, त्या म्हणाल्या, पण ते दोघं एकमेकांचे कुणी नव्हते. फक्त आडनाव सारखं होतं, जॉन्सन तिकडे पुष्कळ असतात.

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसली. झैदचं तोंड उघडं होतं ते मिटलं. हाजराने ते मिटताना पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. पाटील! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जॉन्सन म्हणजे आपल्याकडच्या पाटलांसारखे. गावोगाव पाटील, म्हणून काय सगळे पाटील एका घरचे? एवढी साधी गोष्ट तिला कळू नये? मंजिरी शेजारी मान खाली घालून आपल्या पर्सचा पट्टा चाचपत होती. समोर झैद टेप मुठीत आवळून उभा होता, आणि हाजराला पक्कं ठाऊक होतं, की हे तोंड आता मिटलं तर पुन्हा उघडणार नाही. पहिलीचा वर्ग, हाशम सर, मुकं घर, सगळं त्या मिटलेल्या ओठांपलीकडे तिला दिसलं.

ती उठून उभी राहिली. इंग्रजी शोधायला वेळ नव्हता. सगळ्या वर्गासमोर, सगळ्या आईबापांसमोर ती मराठीत म्हणाली, "झैद, ही चूक तुझी नाही, माझी आहे. आडनाव एक दिसलं म्हणून मीच नातं लावलं. तू यांना सांग, आपल्याकडे नातं कसं लावतात ते."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि मग झैदकडे, कारण ती काय म्हणाली हे त्या खोलीत फक्त तिघांनाच कळलं होतं, आणि त्यातली आर्या टोपीखाली होती. झैदने आईकडे पाहिलं. मग तो वर्गाकडे वळला आणि स्वच्छ, मोठ्या इंग्रजीत म्हणाला, "माझी अम्मी म्हणते, ती चुकली."

आणि तिथून पुढे तो थांबलाच नाही. त्याने दाभोळ सांगितलं. तीच खाडी, तोच मोहल्ला, तीच होडी. आमच्याकडे दोन परकार भेटले की पहिले गाव विचारतात, मग मोहल्ला, मग आजोबा, आणि नातं निघतंच. माझी अम्मी दुकानात दही घेता घेता नातेवाईक शोधते. हसणारी मुलं पुन्हा हसली, पण आता त्याच्याबरोबर. मागच्या खुर्च्यांवरचे एक सौदी वडील मोठ्याने म्हणाले, की आमच्याकडेही असंच, माझ्या आजोबांनी तर त्या दोघांना सख्खे भाऊ ठरवलं असतं. मग मुलांचे हात वर व्हायला लागले. ॲडम्स खरंच बापलेक होते का? हो. हॅरिसन? आजोबा आणि नातू. माझ्या अम्मीने पाच जोड्या लावल्या, त्यातल्या चार बरोबर आहेत, असं झैदने ठणकावून सांगितलं, जणू परीक्षा तिची होती आणि निकाल तो लावत होता. रूझवेल्टच्या पुतणीच्या लग्नाचाही विषय निघाला. तो इतका बोलला, की आर्या लिंकनची टोपी काखेत मारून खुर्चीवर जाऊन बसली.

हाजरा उभीच राहिली होती, बसायचं तिच्या लक्षातच आलं नाही. भर सभेत पोराने तिची चूक जाहीर केली, आणि तिचा ऊर असा भरून आला होता की डोळ्यांपुढचं धूसर दिसत होतं. मंजिरीने तिला हात धरून खाली बसवलं आणि पर्समधून रुमाल काढून दिला.

कार्यक्रम संपल्यावर मिस रीम तिच्याजवळ आल्या. त्यांनी विचारलं, की हे सगळं तुम्ही त्याला मराठीत शिकवलं का. हाजरा म्हणाली, येस, ऑल मराठी. त्या तीन शब्दांचं एकही चाक निखळलं नाही. मिस रीम म्हणाल्या, की डिसेंबरात मी जे सांगितलं ते विसरून जा. पहिलीच्या वर्गाचा विषय आता राहिला नाही. तुम्ही घरी जे करता तेच करत राहा, फक्त नातं लावण्याआधी मला एकदा विचारा. हाजराला हसू आलं. बाईही हसल्या. झैद तोवर त्या सौदी वडिलांच्या मुलाला परकार या आडनावाचा उच्चार शिकवत होता.

मगरिबच्या नमाजनंतर शौकतचा फोन आला. दिवसभर त्याने फोन केला नव्हता. कामाच्या गडबडीत राहिला असं तो म्हणाला, पण हाजराला ठाऊक होतं की तो घाबरला होता. त्याने कशी आहेस विचारलं नाही, जेवलीस का विचारलं नाही.

"बोलला का?" त्याने विचारलं.

"बोलला."

"काय बोलला?"

"माझी अम्मी चुकली, असं बोलला. सगळ्या वर्गासमोर, इंग्रजीत," हाजरा हसत हसत म्हणाली.

शौकतला काही उलगडेना. मग तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, टेपपासून ते सौदी आजोबांच्या सख्ख्या भावांपर्यंत. मध्येच अरवाने फोन ओढून घेऊन मेंढीसारखं ओरडून दाखवलं. हाजराला शौकतच्या मागे कुठल्याशा पंपाची घरघर ऐकू येत होती. मग त्याने विचारलं, की हाशम सर उद्यापासून यायला तयार आहेत, त्यांना आता काय कळवू.

"कळवा," हाजरा म्हणाली, "की या घरात मास्तरीण आहे."